घरच्यासारखी

नॉटिंगहॅम
१४ नोव्हेंबर १९९३

चि. मंजिरीस अनेक आशीर्वाद.

खर्, खर्रर्र, खर्रर्र. एक आखूड, दोन लांब. परत एक आखूड, दोन लांब. पितळी पातेल्यावर राख आणि नारळाची शेंडी फिरते आहे, आणि वर माडीच्या खिडकीत मी कविता पाठ करतो आहे. धुळ्याच्या घराची मागची मोरी, साल छत्तीस किंवा सदतीस. मी भुजंगप्रयात म्हणायला लागलो की खालचं घासणं आपोआप त्या चालीवर यायचं. लगागा, लगागा, लगागा, लगागा. ल म्हणजे आखूड, गा म्हणजे लांब. रविवारच्या मराठी वर्गात तुला शिकवलं होतं. तू आठ वर्षांची होतीस आणि म्हणालीस, "बाबा, इट्स लाइक अ हॉर्स." घोडा नव्हे गं, भुजंग. साप. सरपटत येतो आणि पायाशी येईपर्यंत कळत नाही.

हे आज आठवायचं कारण तुझी आई. सकाळी ती करपलेलं दुधाचं पातेलं तारेच्या गोळ्यानं घासत होती. मी पेपर ठेवून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. "काय हवंय?" म्हणाली. म्हटलं, "काही नाही. घास तू." रिटायर झाल्यापासून म्हातारा चळला, असं तिला वाटतं. वाटू दे.

खाली घासणारी ती सुमन. पाच आठवडे धुळ्याला राहिलीस म्हणून तिच्याबद्दल तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, असा तुझा समज आहे. गेली होतीस तुझ्या पुस्तकातल्या कापसाच्या प्रकरणासाठी, जुन्या पेढ्यांची दप्तरं बघायला, आणि आलीस ती एका म्हातारीची इच्छा घेऊन. "एकदा शशीचं घर बघायचंय." एवढंच म्हणाली ना ती? आता माझं घर म्हणजे काय, तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड, पुढे बे-विंडो आणि मागे तुझ्या आईची मेथी. यात बघण्यासारखं काय आहे, ते तिलाच ठाऊक.

तू सप्टेंबरपासून फोन केलेला नाहीस. सुमनचा व्हिसा नाकारला गेला आणि दोष माझ्यावर आला. माझं काय चुकलं, ते तरी सांग. तू स्पॉन्सरचं पत्र मागितलंस, मी दिलं. राहण्याची सोय, जेवणखाण, परतीचं तिकीट, सगळ्याची हमी दिली. अर्जदाराशी नातं काय, या प्रश्नालाही उत्तर दिलं. शी इज लाइक अ मेंबर ऑफ अवर फॅमिली. घरच्यासारखी. आपण हेच म्हणतो की नाही? आता मुंबईतल्या त्या व्हिसा साहेबानं लिहिलंय की 'लाइक' हे नातं होत नाही, आणि घरातली एक जुनी नोकर सत्तरी ओलांडल्यावर एवढा प्रवास कशासाठी करते, याचा खुलासा पत्रात नाही. मराठीत खुलासा लागत नाही. इंग्रजीत लागतो. त्याला मी काय करू?

आणि फेब्रुवारीतल्या त्या रविवारचं म्हणशील, तर तेही तू तुझ्या सोयीनं लक्षात ठेवलं आहेस. आई आत पोळ्या गरम करत होती. तू खाली वाकून, हळू आवाजात विचारलंस, "बाबा, सुमनबाईचा नाक आजोबांच्या फोटोसारखा आहे. तो माझा आत्या आहे ना?"

मी म्हणालो, "तो माझा नाही मंजिरी. ती माझी. ती माझी आत्या."

"थँक्स, बाबा. एवढंच हवं होतं."

मी व्याकरण सुधारलं होतं. आत्या स्त्रीलिंगी असते, याहून जास्त मी काहीही बोललो नाही. माझे वडील वकील होते. अशा वाक्याला त्यांनी कबुलीजबाब म्हटलं नसतं, आणि तूही म्हणू नयेस.

आईला यातलं काही लिहू नकोस. तिचं ब्लडप्रेशर गेल्या महिन्यात पुन्हा वाढलं आहे. तिला सुमन म्हणजे कामाची बाई एवढंच माहीत आहे, आणि छत्तीस वर्षं त्यानं कुणाचं काही बिघडलेलं नाही.

केंब्रिजला थंडी जास्त असेल. मफलर वापर.

तुझा
बाबा


नॉटिंगहॅम
९ जानेवारी १९९४

चि. मंजिरी,

माझंच पत्र मला परत पाठवलंस. वर लाल शाईचं एक वर्तुळ, 'घरच्यासारखी'मधल्या 'सारखी'भोवती. समासात एक आकडा: ३/५. बाकी एक अक्षर नाही. मी तुझ्या शुद्धलेखनाच्या वह्या अशाच तपासत असे. शिकवलेलं वाया गेलं नाही म्हणायचं.

आकडा काय आहे ते कळावं म्हणून सोबत तुझ्या पुस्तकाचं प्रकरण जोडलंस. वाचलं. डिक्शनरी घेऊन तीनदा वाचलं. १७८७ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना लिहायला बसले. दक्षिणेकडच्यांना गुलाम डोक्यागणिक मोजायला हवे होते, कारण डोकी जास्त तर काँग्रेसमधल्या जागा जास्त. उत्तरेकडचे म्हणाले, तुम्ही त्यांना माणूस मानत नाही, मग मोजता कशाला? शेवटी ठरलं, पाच गुलामांची तीन माणसं धरायची. आणि त्या तिघांपैकी मत एकालाही नाही. वजन त्यांचं, पण तराजूच्या पारड्यात बसणार मालक.

मला त्याहून लागलं ते तुझ्या पुढच्या पानावरचं वाक्य. अख्ख्या घटनेत गुलाम हा शब्दच नाही, म्हणतेस. 'अन्य व्यक्ती' आहेत. 'सेवेस बांधील व्यक्ती' आहेत. म्हणजे सगळी व्यवस्था उभी केली आणि शब्द तेवढा तोंडातून काढला नाही. सभ्य माणसं असणार. आमच्या घरात बसवली असती तर शोभली असती.

बघ, थट्टा मलाही येते.

पण मंजिरी, तुझ्या तराजूत मला घालण्याआधी थोडं ऐक. सुमन गुलाम होती? कुणी तिला बाजारात उभं केलं होतं? साखळी होती? माझी आजी इंदूरहून लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून एक बारा वर्षांची मुलगी आली. नवरीला नव्या घरी परकं वाटू नये म्हणून माहेरचं माणूस. चार महिन्यांनी परत जायची, ती गेली नाही. तिला तानी झाली. तानीला सुमन झाली. तिघी आमच्याकडेच राहिल्या. जेवल्या, सणाला लुगडी नेसल्या. कुणी त्यांना हाकललं नाही, आणि कुणी त्यांना ठेवलंय असंही म्हटलं नाही. त्या असायच्या. घरात ओटा असतो, मोरी असते, तशा.

हे वाक्य लिहिल्यावर मी दहा मिनिटं थांबलो. खोडत नाही. तू लाल शाईनं खोडशीलच.

कापसाचं तुझं बरोबर आहे. आमचं घर अमेरिकेच्या लढाईवर बांधलं गेलं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो, तेही अभिमानानं. तिकडे उत्तर-दक्षिण जुंपली, गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरला यायचा थांबला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. माझ्या पणजोबांनी त्या चार वर्षांत माडी चढवली. मी इथं आलो तेव्हा लेस मार्केटच्या त्या लाल विटांच्या इमारती बघून कविता सुचायची. इथल्या या बोटभर लेसच्या जाळीतलं सूत कुणाच्या हातचं, हा प्रश्न मला कुणी शाळेत शिकवला नव्हता. तो तू पंधरा वर्षांची असताना, फिश अँड चिप्स खाता खाता विचारलास. मी म्हणालो, "गप खा."

तेव्हापासून तू मला विचारतेच आहेस, आणि मी गप खा म्हणतोच आहे.

बाबा


नॉटिंगहॅम
३ एप्रिल १९९४, ईस्टर

मंजिरी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. चार ओळी. त्यातल्या दोन मराठीत, आणि फक्त एक चूक. "तुम्ही मला इतिहास सांगू नका. सुमनबाई तुमचा कोण, ते एका शब्दात लिहा. मग मी येईन." चूक कुठे आहे, ते या वेळी सांगत नाही. मागच्या वेळी चूक सुधारून फार महागात पडलं.

एक शब्द मला अजून जमत नाही. म्हणून हजार लिहितो.

तुझ्या प्रकरणात व्हर्जिनियाचा १६६२ सालचा कायदा आहे. बाप इंग्रज आणि आई गुलाम असेल तर मूल कुणाचं? बापाकडे बघितलं तर ते इंग्रज ठरतं, मोकळं ठरतं. म्हणून त्यांनी ठरवलं, मूल आईच्या मागे जाईल. आईची जी स्थिती तीच मुलाची. किती सोयीचं! मालकानं रात्री काय केलं ते कायद्यानं विचारायचंच नाही, सकाळी त्याच्या गोठ्यात एक वासरू वाढलेलं. आमच्याकडे असला कायदा लिहिलेला नव्हता. माझे तात्या एवढे मोठे वकील, त्यांच्या कपाटात पाचशे पुस्तकं, त्यात एकाही पानावर नव्हता. तरी तानीची आई पाठराखीण, म्हणून तानी मोरीवर, म्हणून सुमन मोरीवर. न लिहिता तंतोतंत पाळला.

मराठीत अशा मुलाला शब्द आहे. लेकवळा. तुझ्या डिक्शनरीत बघ, सापडेल. 'लेक' त्यात आहेच, नुसतं 'वळा' लावून घराबाहेर काढलाय.

एक प्रसंग सांगतो. हा तुला धुळ्यात कुणी सांगितला नसेल, कारण सांगणारं आता कुणी उरलं नाही. मी आठ वर्षांचा, सुमन दहाची. एका सकाळी मोरी रिकामी. तानी मुलीला घेऊन नाहीशी झाली होती. आजी म्हणाली, "बघा, पोटभर खाऊन उलटली." तात्या ओरडणाऱ्यातले नव्हतेच. ऑफिसात बसले आणि भुसावळच्या एका वकील मित्राला पत्र लिहिलं. तानी तिथं रेल्वेच्या चाळीत कुणाकडे तरी भांडी घासायला लागली होती. भांडीच, पण तिथं महिना संपला की पगार, आणि रात्री दाराला आतून कडी.

चौथ्या दिवशी टांगा आला. तुझ्या घटनेत ते कलम आहे ना, सेवेस बांधील व्यक्ती एका राज्यातून पळून दुसऱ्यात गेली तर तिला परत स्वाधीन करावं. तुझ्या पानावर ते वाचलं आणि मला टांग्याची घंटा ऐकू आली. टांगा पुढच्या दाराशी थांबला नाही. पुढचं दार पक्षकारांचं आणि पाहुण्यांचं. तो बोळातून वळसा घालून मागे गेला. तानी खाली मान घालून उतरली. तिच्या मागून सुमन. तिनं वर माडीकडे बघितलं.

मी टाळ्या वाजवल्या, मंजिरी. खिडकीत उभं राहून उड्या मारल्या. माझी सुमी परत आली होती.

संध्याकाळी तात्यांनी मला समोर उभं करून विचारलं, "आज कोणती कविता पाठ झाली?" मी म्हणून दाखवली. खालून घासण्याचा आवाज येत नव्हता, म्हणून दोनदा ताल चुकला. "असं का होतंय?" ते म्हणाले. त्यांनी काही विचारलं आणि उत्तर त्यांना आधीच माहीत नव्हतं, असा तो एकच प्रसंग मला आठवतो.

ते तुझे आजोबा. तू ज्यांच्या नाकाबद्दल विचारलंस ते.

इथं हॉस्पिटलात मी तीस वर्षं भूल दिली. "दहापासून उलटे आकडे म्हणा," म्हणायचं आणि सातपर्यंत माणूस गेलेला. मराठीत भूल म्हणजे चूकही, हे मी नर्सना हसून सांगायचो. त्यांना काय कळणार.

शब्द अजून जमलेला नाही.

बाबा


नॉटिंगहॅम
१२ सप्टेंबर १९९४

मंजिरी,

परवा आपल्या मंडळाचा गणपती झाला. तोच शाळेचा हॉल, तोच भिंतीवरचा बास्केटबॉलचा गोल, त्याखाली मखर. तू लहानपणी म्हणायचीस, गणपतीच्या डोक्यात बॉल पडेल. हरीश अजून सेक्रेटरी आहे, आणि अजून माइकमध्ये तोंड घालून बोलतो.

"आता डॉक्टरसाहेब! डॉक्टरसाहेब, वेडा वृक्ष झालाच पाहिजे!"

तुला ठाऊक आहे. दरवर्षी होतो. माझी शाळेतली कविता, बक्षीस मिळालेली, चांदीचं पदक शोकेसमध्ये तुझ्या नेटबॉलच्या कपाच्या शेजारी. तू मराठीत पाठ म्हटलेली पहिली गोष्ट तीच. तुझ्या बोबड्या तोंडून ती ऐकून मी रडलो होतो.

मी उठलो. माइक घेतला. म्हणालो,

'उभा डोंगरी एकटा वृक्ष वेडा'

आणि थांबलो.

पुढची ओळ मला आठवत होती. चांगली आठवत होती. कशी आली तेही आठवत होतं. चौदा वर्षांचा होतो. पहिली ओळ वहीत लिहून दोन दिवस बसलो होतो. झाड डोंगरावर उभं राहिलं, पण पुढे काही सुचेना. ओरडून ओरडून तीच ओळ म्हणत होतो, आणि खाली तेच घासणं, लगागा, लगागा. मग घासणं थांबलं. खालून आवाज आला,

'मुळांना कुणी नाव नाही विचारी'

बसली. एक मात्रा इकडची तिकडे नाही. तिला अक्षर काढता येत नव्हतं, मंजिरी. गण काय, गुरू काय, काही माहीत नव्हतं. पातेल्यावर शिकली ती. मी टाक उचलला आणि लिहून घेतलं. पुढच्या दहा ओळी माझ्या आहेत, त्या कुणालाही सुचतील अशा आहेत. परीक्षकांनी गॅदरिंगमध्ये वाचून दाखवली ती एकच ओळ. म्हणाले, "या वयात ही समज!" तात्यांनी पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला.

घरी आलो तर ती मागच्या दारात उभी. हात ओले. लोकांदेखत मला छोटे मालक म्हणायची, एकटी असली की शशी. म्हणाली, "शशी, आपल्याला बक्षीस मिळालं ना रे?"

आपल्याला.

तू इंग्रजीत वाढलीस. तुला हे कसं समजावू? इंग्रजीत 'वुई' एकच. मराठीत 'आम्ही' म्हटलं तर समोरचा बाहेर, 'आपण' म्हटलं तर आत. तिनं एका शब्दात आम्हा दोघांना एका घरात बसवलं. तिला माहीत होतं. आईनं सांगितलं असेल किंवा आरशानं. मलाही तेव्हा माहीत होतं, असं आज म्हणतो.

मी म्हणालो, "मला मिळालं."

ती म्हणाली, "हो. तुम्हालाच." आणि त्या दिवसानंतर एकटी असतानाही तिनं मला शशी म्हटलं नाही.

तर हॉलमध्ये मी थांबलो होतो. म्हणणार होतो, पुढची ओळ माझी नाही. शपथ सांगतो, ओठापर्यंत आलं होतं. तेवढ्यात हरीशला वाटलं, म्हातारा विसरला. त्यानं हात हलवला आणि सगळा हॉल एका सुरात म्हणाला, 'मुळांना कुणी नाव नाही विचारी!' दीडशे माणसं. डॉक्टर, त्यांच्या बायका, इथं जन्मलेली पोरं, ज्यांना मुळं म्हणजे काय ते विचारलं तर सांगता येणार नाही. आणि टाळ्या. माझ्यासाठी.

मी हात जोडले आणि खाली बसलो.

गाडीत तुझ्या आईनं विचारलं, "विसरलात?"

"हो."

"होतं असं," म्हणाली, आणि माझा हात थोपटला. तो थोपटणारा हात मला दिवसभर सोसवला नाही. सदतीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. ती बिचारी दर गणपतीला त्या पदकाला ब्रासो लावते. चांदीला ब्रासो लावू नये, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायच्या गोष्टींची रांगच लागली आहे.

बाबा


नॉटिंगहॅम
५ नोव्हेंबर १९९४, भाऊबीज

मंजिरी,

सोबत एक पत्र जोडलं आहे. इंग्रजीत आहे, सही केलेलं. नव्यानं अर्ज कर. फी मी भरीन, तिकीट मी काढीन, काय लागेल ते कर. कसं लिहिलं, तेवढं सांगतो.

आधी लिहिलं, सुमन इज माय हाफ-सिस्टर. वाचून बघितलं. अर्धी! तुझ्या त्या फिलाडेल्फियावाल्यांनी पाचात तीन तरी दिले होते. मी त्यांच्याहूनही चिक्कू निघालो. मराठीत सावत्र म्हणावं, तर सावत्र कशी? सावत्र आईची मुलगी सावत्र. तानीला कुणी माझी सावत्र आई म्हणवून घेऊ दिलं होतं का? सगळ्या शब्दांना कुठे ना कुठे दार आहे आणि ते तिच्या तोंडावर लागलेलं आहे. शेवटी 'हाफ' खोडला. खाडाखोड नको म्हणून नव्या कागदावर लिहिलं. शी इज माय सिस्टर. चार शब्द. सही एका दमात केली. इंग्रजीत आहे ना. परक्या भाषेत माणूस काहीही कबूल करतो.

मराठीत अजून जमत नाही, हेही लिहून ठेवतो. तुझी अट मराठीतली होती.

पदक पाकिटात घालणार होतो, पोस्टात हरवेल म्हणून घातलं नाही. शोकेसमधून काढून टेबलावर ठेवलं आहे. तुझ्या आईनं विचारलं, "हे इथं का?" म्हटलं, "ब्रासोचा डाग पडलाय." तेवढं तरी खरं बोललो.

आज सकाळपासून घरात गडबड आहे. तुझा जयंतमामा एजवेअरहून निघाला आहे, दरवर्षीसारखा. आई करंज्या तळते आहे. हॉलमधल्या टेबलावर निरांजनाचं ताट तयार आहे. रस्त्यावर इंग्रज पोरांचे गाय फॉक्स रात्रीचे फटाके दुपारपासूनच सुरू झालेत. यंदा त्यांची आणि आपली दिवाळी एका दिवशी आली. धुळ्यात भाऊबिजेला ताट कोण तयार करायचं, सांगू? वाती वळायची, सुपारी पुसायची, कुंकू कालवायची, आणि ताट माझ्या चुलतबहिणीच्या हातात देऊन मागच्या दाराशी उभी राहायची. ओवाळून झालं की ताट परत न्यायला.

तूही येशील का गं एखाद्या रविवारी? अट पुरी झाली नाही तरी. मी

बेल वाजली. जयंत लवकर आला म्हणायचा. तुझी आई दार उघडील.

जयंत नाही. मी खिडकीशीच बसलो आहे, बाहेरचं सगळं दिसतं. फाटकासमोर लाल गाडी उभी आहे. तुझी आहे. तू स्टिअरिंगला दोन्ही हात धरून समोर बघत बसली आहेस, इकडे बघत नाहीस, आणि मी इथं बसून तुलाच पत्र लिहितो आहे. दाराशी कुणीतरी एकटं उभं आहे. तुझा तो निळा ओव्हरकोट, त्याखाली लुगड्याचा काठ, पायात मोजे आणि चपला. केस पांढरेशुभ्र. म्हणजे तू माझ्या पत्राची वाट बघितलीच नाहीस. व्हिसाच्या फॉर्मवरचा तो शब्द तूच लिहिलास. आत्या. बरोबर लिहिला असशील, इंग्रजीत लिंगाची भानगड नसते.

बाजूच्या फाटकातून आमच्या मागच्या दाराकडे वाट जाते. ते फाटक सताड उघडं आहे. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं. गेली नाही. पुढच्याच दाराशी उभी आहे, पायपुसण्यावर, ताठ.

पुन्हा बेल. एकदा आखूड, मग दोनदा लांब.

तुझी आई आतून ओरडते आहे, "अहो, उघडा ना, माझे हात पिठाचे आहेत! कोण आलंय?"

सांगायला हवं. मराठीत सांगायला हवं.